नागनिकातला 'ग' गेला कुठं?

भावाला मुलगी झाली आणि गुरुजींनी पंचांग बघून सांगितलं, अनुराधा नक्षत्र, पहिला चरण, अक्षर 'ना'. अनुराधाची चार अक्षरं आहेत, ना, नी, नू, ने, एका चरणाला एक, म्हणजे लेकरू सहा-सात तास उशिरा आलं असतं तर 'नी' निघालं असतं आणि निधी नाहीतर नीरजा ठेवून आम्ही सगळे गप झोपलो असतो. पण 'ना' आलं. आता 'ना'वरून मुलीचं नाव सांगा बरं पटकन. नाही ना आठवत? आम्हालाही नाही आठवलं.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मग जे सुरू झालं ते विचारू नका. नायरा, नाव्या, नाविशा, नाओमी (हे पुण्याच्या चुलत भावाचं), एकानं तर नारायणी टाकलं आणि त्यालाच सगळ्यांनी धरलं. मी आत्या, म्हणजे पाळण्याशी वाकून कानात नाव सांगायचा मान माझा, आणि नंतर पाठीवर धपाटे खायचे तेही माझेच, त्यामुळे माझं म्हणणं होतं की नाव निदान मला नीट उच्चारता यावं. तेवढ्यात धाकट्या चुलत बहिणीनं टाकलं 'नायनिका', आणि खाली मोबाईलवरचा अर्थ चिकटवला, सुंदर डोळ्यांची. वहिनीनं लगेच बदाम टाकला. झालं, ठरलं असं वाटायला लागलं तर वहिनीचे मामा, इतिहासाचे रिटायर मास्तर, सहसा फक्त गुड मॉर्निंगचे फोटो टाकणारे, त्यांनी लिहिलं, "अहो, ही तर आपल्या पैठणची राणी. नागनिका. डोळ्यांचा काही संबंध नाही, नाग आहे तो."

आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं तर ती शेंगा फोडत होती, मान वर न करता म्हणाली, "नाव ठेवायलीस का पाळण्यात साप सोडायलीस गं?"

एकाच नावाला एक जण डोळे म्हणतोय आणि एक जण साप. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, माझं मेडिकल आहे जालन्यात, दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचायची सवय तेवढी आहे, पण बारशाला आठ दिवस होते आणि मला काही चैन पडेना, म्हणून मामांना फोन करून करून, त्यांनी दिलेली पुस्तकं रात्री दुकान बंद केल्यावर वाचून जे समजलं ते इथं लिहिते. ज्यांना मुलीचं नाव शोधायचंय त्यांना उपयोग होईल, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचा.

आधी बाई कोण ते बघू. सातवाहन राजे म्हणजे पैठणचे, जुनं नाव प्रतिष्ठान, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. त्यातला एक सुरुवातीचा मोठा राजा पहिला सातकर्णी, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, नागनिका ही त्याची राणी. ती कळते कुठून? तर नाणेघाटातून. नाणेघाट आपल्याकडं नाही, पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ आहे, कोकणातून वर चढणारी वाट. पण ती वाट नेमकी कुणाची होती तर सोपारा-कल्याणच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून जुन्नर आणि तिथून पुढं पैठणला यायचा. म्हणजे पैठणचं पुढचं दार म्हणा ना. घाटाच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकायचे असं म्हणतात, आणि तिथंच कातळात कोरलेली एक लेणी आहे. लेणी म्हणजे वेरूळसारखं काही डोळ्यात भरणारं मनात आणू नका, साधी चौकोनी खोली. पण त्या खोलीच्या डाव्या भिंतीवर दहा ओळी आणि उजव्या भिंतीवर दहा ओळी, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरल्यात आणि समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते.

होते म्हणजे आता नाहीत. कातळातल्या पुसट खुणा राहिल्यात, बाकी सगळं गेलंय. पण प्रत्येक पुतळ्याच्या डोक्यावर कोण ते नाव कोरलेलं होतं, ती नावं शिल्लक आहेत. लग्नाच्या ग्रुप फोटोतली माणसं उडून जावीत आणि मागं लिहिलेली नावं राहावीत तसलाच प्रकार. पहिलं नाव सिमुक सातवाहन, घराण्याचा मूळ पुरुष. मग 'देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी' अशी जोडी. मग कुमार भायल, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. महारठी ही तेव्हाची मोठ्या सरदाराची पदवी, आणि हा त्रणकयिरो म्हणजे राणीचा बाप असं अभ्यासक मानतात. म्हणजे सासरच्या लोकांच्या रांगेत बाईनं आपल्या वडिलांचाही पुतळा उभा केला. आजकाल लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडच्यांचा फोटो स्टेजवर लावायचा म्हटलं तरी चर्चा होते.

आणि बघा, पुतळ्यावर आहे 'नायनिका'. राणी आणि राजा दोघांचं नाव असलेलं एक चांदीचं नाणंही अभ्यासकांनी प्रसिद्ध केलंय, त्यावर मात्र वाचतात 'नागनिका'. बाई एकच. मग हा ग कुठं गेला?

इथंच खरी गंमत आहे आणि ती समजली की अर्धं मराठी व्याकरण फुकटात समजतं, म्हणून थोडं थांबते.

त्या काळी लोक संस्कृत बोलत नव्हते, प्राकृत बोलायचे, आणि आपली मराठी त्याच प्राकृताच्या पोटातून आलेली. प्राकृतची एक सवय होती, शब्दाच्या मधोमध, दोन स्वरांच्या बेचक्यात एखादं मऊसर अक्षर आलं की ते गिळून टाकायचं. कुठली अक्षरं, तर वररुची नावाच्या जुन्या व्याकरणकारानं यादीच दिलीय, क, ग, च, ज, त, द, प, य, व. सूत्रात तो 'प्रायो' म्हणतो म्हणजे बहुतेक वेळा, कायम नाही, हा शब्द ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. तर अक्षर गिळलं की दोन स्वर एकमेकाला येऊन भिडतात, 'ना-अ', ते बोलायला अवघड, तोंड उघडंच राहतं, मग जीभ मधे एक हलकासा 'य' घालते. नागनिका, नाअनिका, नायनिका. बस. एवढंच झालंय. कुणी नाव बदललेलं नाही, बोलण्यात झिजलंय.

पटत नाही ना? मग आपल्या तोंडातले शब्द बघा. कुंभकार होता त्यातला क गेला, कुंभार झाला. लोहकारचा लोहार. देवकुल होतं त्याचं देऊळ, राजकुलचं राऊळ. सूचीतला च गेला, सुई राहिली. पादातला द गेला तिथं य आला, पाय. मातामधला त गेला तिथंही य आला, माय. आपल्या मराठवाड्यात अजून 'माय' म्हणतात, 'अगं माय माय' तर तोंडातून आपोआप निघतं, ते काही अडाणी बोलणं नाही, सरळ प्राकृतातून चालत आलेला शब्द आहे, पुण्याच्या पाहुण्यांनी हसायचं कारण नाही. आता ग गेल्याचं उदाहरण पाहिजे तर युगलचं जुळं झालं, आणि नगरचं नयर होत होत 'नेर' झालं. जामनेर, संगमनेर, अंमळनेर, सगळी नगरंच ती. एक अंमळनेर आपल्या बीड जिल्ह्यातही आहे.

आणि पैठण? प्रतिष्ठान, पइट्ठाण, पैठण. 'प्रति'मधला त गिळला आणि 'पइ' उरलं. हे कधी झालं असेल असं वाटतं? मला वाटायचं की हे असं मुसलमानी अमदानीत किंवा निजामाच्या काळात झालं असेल, लिहिणाऱ्यांनी बिघडवलं असेल. तर नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रातल्या व्यापाराच्या वाटा सांगणारी वही लिहिलीय, त्यात तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर 'पैठाना' आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर', म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठाना! प्रतिष्ठान नाही. म्हणजे त्या परदेशी माणसाच्या कानावर तेव्हाच आपल्या लोकांच्या तोंडचं नाव पडलं होतं, जवळजवळ आजच्यासारखंच. तर ज्या गावानं स्वतःच्या नावातला त तेव्हाच खाऊन टाकला होता त्या गावच्या राणीच्या नावातला ग गेला तर नवल काय.

माझ्या वहिनीनं इथं बरोबर प्रश्न काढला. म्हणे, मग नागपंचमीची नायपंचमी काहून नाही झाली? प्रश्न चांगला आहे. एक तर तो 'प्रायो', बहुतेक वेळा. आणि दुसरं म्हणजे पोथ्या-पुराणं, कीर्तनं, गुरुजी यांच्या तोंडातून संस्कृत शब्द पुन्हा पुन्हा घरात येत राहिले, त्यामुळे झिजलेला शब्द आणि कोरा शब्द दोन्ही आपल्याकडं शेजारी शेजारी नांदतात. नगरही आहे आणि नेरही, माताही आहे आणि मायही, भगिनी पत्रिकेत आणि बहीण घरात. नाण्यावर ग आणि भिंतीवर य हे तसंच.

म्हणजे मामा बरोबर होते आणि मोबाईल चूक. डोळ्यांचं जे नाव आहे ते 'नयनिका', पहिला न ऱ्हस्व, नयन वरून. तेही नाव सुंदर आहे, वाईट काही नाही त्यात. पण राणीचं नाव 'नायनिका', ना दीर्घ. इंग्रजीत लिहिताना दोन्हीचं स्पेलिंग सारखंच होतं, आणि नावांच्या साइटी सगळ्या इंग्रजीतून एकमेकींची कॉपी मारतात, त्यामुळे एकीचा अर्थ दुसरीला चिकटला. माझा तर आता नियमच झालाय, नावाचा अर्थ बघायचा असेल तर आधी ते देवनागरीत लिहून मोठ्यानं म्हणा.

बरं, नाग म्हणजे साप एवढंच का? संस्कृतात नागचा दुसरा अर्थ हत्ती. आणि नाणेघाटच्या त्या मोठ्या लेखात राणीला 'नागवरदायिनी' म्हटलंय, त्याचा अर्थ उत्तम हत्ती दान देणारी असा लावतात. मोठ्या लेखाचा दगड बऱ्याच ठिकाणी फुटलाय पण जे वाचता येतं त्यात बाईनं स्वतःबद्दल काय सांगितलंय ते ऐका, महिना महिना उपास करणारी, घरात राहून तापशीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, वेदिसिरीची आणि सतिसिरीची आई, महारठीची लेक. यावरून अभ्यासक म्हणतात की नवरा वारल्यावर पोरं लहान असताना हिनं कारभार बघितला असावा. नवऱ्याला ती 'दखिनापठपती' म्हणते, दक्षिणापथाचा धनी.

आणि मग यादी. कुठला यज्ञ केला आणि दक्षिणा काय दिली. अश्वमेध दोनदा, राजसूय, आणखी कितीतरी. एका यज्ञाला १,७०० गायी आणि १० हत्ती, एकाला ११,००० गायी आणि १,००० घोडे, शिवाय कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी हजारांनी. आमच्या दुकानाच्या हिशोबाच्या वहीत सुद्धा मी एवढं काटेकोर लिहीत नाही. आकडे अक्षरात नाही, चिन्हात लिहिलेत, आणि तेव्हा शून्य घालून स्थानावरून किंमत बदलायची पद्धत नव्हती, दहाला वेगळं चिन्ह, शंभरला वेगळं, हजारला वेगळं, आणि ती एकाला एक जोडायची. भारतातले इतके जुने कोरलेले आकडे फार थोड्या ठिकाणी मिळतात म्हणून गणिताचा इतिहास लिहिणारेसुद्धा नाणेघाटला येतात. इंग्रजांच्या काळात १८२८ मध्ये कर्नल साइक्सनं हा लेख पाहिला, पुढं पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यावर मेहनत घेतली आणि १८८३ ला ब्यूलर या जर्मन पंडितानं त्याचं वाचन छापलं. तोवर नागनिका हे नाव घाटात भिंतीवरच होतं, कुणाच्या बारशात नव्हतं.

राहिलं 'निका'. हे शेपूट कुठलं? मला आधी वाटलं आजकालच्या अनिका, सानिकासारखं फॅन्सी काहीतरी. मग मामांनी बेडसे लेण्यातला एक लेख दाखवला, मावळातली लेणी, कार्ल्याच्या जवळ. तिथं दान देणारी बाई आहे 'महारठिनी सामडिनिका', आणि तिचा नवरा 'आपदेवणक'. कार्ल्याला सिंहस्तंभ दान देणारा महारठी आहे 'अगिमित्रणक', म्हणजे अग्निमित्र. बघा आता, पुरुषांना मागं णक आणि बायकांना निका, आणि ही सगळी महारठी घराण्यातली माणसं, आपली नागनिकाही महारठीचीच लेक. मला तरी हे आपल्या राव आणि बाईसारखं वाटतं, नावामागं लावायची मानाची किंवा लाडाची जोड. गंगाधरराव, गंगाबाई, तसं. म्हणजे खरं नाव काय उरलं? नाग. नुसतं नाग.

हे मी आजीला सांगितलं आणि मला वाटलं होतं ती पुन्हा काहीतरी टोचून बोलणार, तर शेंगाचं सूप बाजूला सारून म्हणाली, "आमच्या सासूचं नाव नागूबाई होतं की. पंचमीची जन्मलेली."

आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं! वडिलांनासुद्धा नाही, त्यांना त्यांची आजी फक्त 'मोठी माय' म्हणून माहीत. आणि विचार केला तर आपल्याकडं नागाचं नाव काय कमी आहे का. औंढ्याला नागनाथ, लातूर जिल्ह्यात वडवळ नागनाथ, गावोगाव नागोराव, नागनाथ, नागोबा. पंचमीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात, वारुळाला लाह्या-दूध नेतात आणि बायका नागाला भाऊ मानतात. सापाची भीती आपल्याला आहेच, शेतात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा, पण नावाची भीती कधीच नव्हती. ती टीव्हीवरच्या नागिणींनी आणली. पोरगी शाळेत गेली की 'नागीण नागीण' म्हणून चिडवतील ही वहिनीची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून नाही लावणार. आणि नायनिका ठेवलं तरी सुटका नाही, कारण मोठ्या काकूंनी लगेच नाक मुरडलं, "नायका काय, नायकीण काय, लेकराला लोक काय म्हणतील". नायकीण हा शब्द आपल्याकडं कुठल्या बाईसाठी वापरायचे ते जुन्या लोकांना माहीत आहे. दोन्हीकडून अडचण.

आता किती जणींचं नाव आहे हे? माझ्यापुरतं सांगते. मेडिकलच्या काउंटरवर रोज पन्नास-साठ चिठ्ठ्या येतात, त्यात पोरींची नावं आर्वी, स्वरा, शिवन्या, आरोही, अनन्या, श्रीशा, आणि आज्यांची नावं गयाबाई, प्रयागबाई, केवळबाई, द्रौपदाबाई, कौसाबाई. मधल्या बायका म्हणजे माझ्या वयाच्या, सुनीता, संगीता, मनीषा, वर्षा, एका आवाजाला चार जणी वळून बघतात. अकरा वर्षांत नागनिका एकही नाही आली. नायनिका एक आली होती, परतूरकडची, तिच्या आईला विचारलं तर ती म्हणाली डोळ्यांवरून ठेवलंय. मी गप बसले, त्या लेकराला ताप होता, त्यात कुठं वररुची सांगत बसू. पण ही नावं पुन्हा येणार असं मला वाटतं, कारण दोन गोष्टी जुळून आल्यात. एक तर शेवटी 'इका' असलेली नावं सध्या जोरात आहेत, वेदिका, मिहिका, अनिका, त्यामुळे कानाला हे जुनं वाटतच नाही. आणि दुसरं, आईबापाच्या पिढीचं नाव शिळं वाटतं पण पणजीचं नाव एकदम ताजं वाटतं, मुक्ता, गोदा, राधा तशाच परत आल्या. केवळबाई मात्र परत येईल असं काही दिसत नाही, तिचं मला वाईट वाटतं, 'केवळ' किती सुंदर शब्द आहे.

अजून एक गोष्ट, आणि ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. सातवाहनांची पुढची नावं शाळेत पाठ केलेली आठवतात? गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईचं नाव पुढं. गौतमी म्हणजे गौतम गोत्राची, वासिष्ठी म्हणजे वसिष्ठ गोत्राची, राजाला बायका अनेक असायच्या तर कुठल्या राणीचा मुलगा हे त्यावरून कळायचं. याचा अर्थ बायकांचं राज्य होतं असा काढू नका, गादी बापाकडूनच मुलाकडं जायची. पण नाव घेताना आई आधी. त्या गौतमीपुत्राच्या आईचं नाव बलश्री, नाशिकच्या पांडवलेण्यात तिचा मोठा लेख आहे, नातवाच्या राज्याच्या १९व्या वर्षी कोरलेला, त्यात ती आपल्या मेलेल्या मुलाचं कौतुक सांगते. ती म्हातारी 'गौतमीपुत्राची आई' आणि 'पुळुमावीची आजी' असंच स्वतःला म्हणवते. लेखात शब्द आहे बलसिरी, श्रीचं सिरी, आपली प्राकृत इथंही. नाव शोधणाऱ्यांनी 'ब' अक्षर आलं तर हेही ध्यानात ठेवा.

आणि आता आपल्या सरकारनं काय केलंय, १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर नाव असं लिहायचं, आधी लेकराचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आमची पोरगी त्या तारखेनंतरचीच. म्हणजे जन्माच्या दाखल्यावर भावाच्या आधी वहिनी. भाऊ म्हणाला माझा नंबर खाली गेला, वहिनी म्हणाली नऊ महिने कुणी काढले. पुढं काही बोलला नाही तो.

दाखल्याचं आलंच आहे तर कामाचं सांगून टाकते, कारण नावावरून घरात भांडणं लागतात आणि लोक घाईघाईत काहीतरी ठेवून मोकळे होतात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नोंद आणि नाव वेगळं आहे, नाव न घालताही नोंद होते. नंतर १२ महिन्यांच्या आत नाव घातलं तर फी लागत नाही, त्यापुढं १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं. त्यामुळे सावकाश ठरवा. आणि नाव असं वेगळं असेल तर मोठ्या स्वच्छ अक्षरात मराठी आणि इंग्रजी दोन्हीत कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका. आम्ही तोंडी सांगितलं. टाइप करणाऱ्या पोरानं एकदा 'नागणिका' केलं, दुसऱ्यांदा 'नागानिका', तिसऱ्यांदा माझ्या भावानं त्याच्या खांद्यावरून वाकून एक एक अक्षर सांगितलं तेव्हा कुठं जमलं.

हो, नागनिकाच ठेवलं. ग सकट. ठरवलं वहिनीनं, कारण विचारलं तर म्हणाली चिडवायचं ते चिडवतील, अकरा हजार गायी दिल्यात म्हणून सांगेल ती. बारशाला मामा आले होते, त्यांनी लेकराच्या हातात शंभराची नोट दिली आणि मला म्हणाले, कार्षापण समज. कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याच्या खालून-वरून लेकराला फिरवलं, मी वाकले, कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि पाठीत असले धपाटे बसले की दोन दिवस दुकानात स्टुलावर टेकता येत नव्हतं.

आजी तेल लावताना तिला 'नागू' म्हणते, सासूचं नाव घेतल्यासारखं वाटतं म्हणून आधी थोडी लाजायची, आता सवय झाली. आणि तीन वर्षांचा थोरला, त्याला अजून ग येत नाही, तो दिवसभर पाळण्याशी उभा राहून हाका मारतो, "नाऊ, ए नाऊ."